हिरवा हापसा

बांगलादेशातल्या मेघना नदीकाठच्या शिमुलदी गावात जोबेदाला सगळे 'रंगवाली आपा' म्हणत. बारा वर्षांपूर्वी सरकारी कचेरीने तिला पाणी तपासायच्या पट्ट्या आणि रंगाचे दोन डबे दिले होते. पाण्यात आर्सेनिकचं विष निघालं तर हापसा लाल, नाहीतर हिरवा. बायका तिची वाट बघत. तिने बिस्मिल्ला म्हणून हिरवा कुंचला फिरवला, की मगच ते पाणी लेकरांच्या तोंडाला लागायचं.

पुढे कळलं, पट्ट्यांची मुदत केव्हाच संपलेली होती. कचेरीतून सांगायला कुणी फिरकलं नाही. जोबेदाच नव्या पट्ट्या मिळवून पुन्हा दारोदार निघाली. शेजारच्या कोहिनूर चाचीच्या पाण्यात पट्टी गडद तपकिरी झाली. चाचीच्या तळहातांवर त्या विषाचे खरखरीत ठिपके होतेच, आणि सून नूरनाहार सात महिन्यांची पोटुशी. जोबेदाने हापसा लाल केला.

सकाळी बघते तर पुन्हा हिरवा!

"चाची, हे काय?"

"उद्या माझ्या शेफालीला बघायला येतायत. लाल हापशाच्या घरची मुलगी कोण करून घेतं गं?"

"अहो, पण नूरनाहारच्या पोटातलं..."

"मग तेव्हा हिरवा कुणी केला? मी?" चाची फणकारली. "आता लाल, पुढच्या वर्षी निळा. दुकानच काढ की रंगाचं!"

"मशिदीचं पाणी चांगलं आहे. मी आणून देते."

"तेही तूच तपासलंयस ना?"

तरी दुसऱ्या दिवशी जोबेदाने चाचीच्या दारात मशिदीच्या पाण्याच्या दोन घागरी आणून ठेवल्या.

पाहुणे आले. नवऱ्या मुलाच्या चुलत्याने पाणी मागितलं.

"प्या निर्धास्त," हापशाच्या पाण्याचा पेला पुढे करत चाची म्हणाली. "आमच्या जोबेदाने तपासलंय."

"हो का, आपा?" चुलत्याने विचारलं.

चाची डोळ्यांनी विनवत होती. जोबेदाने मनात अल्लाचं नाव घेतलं.

"नका पिऊ. विष आहे त्यात."

शेफालीने हातातलं तबक खाली ठेवलं.

चुलता खो खो हसला. "कचेरीच्या का तुम्ही? अहो, आमच्याकडे कचेरीच्या लोकांनी पाणी न बघताच अर्धं गाव हिरवं केलं, अर्धं लाल. रंग बघायचं आम्ही कधीच सोडलं!" त्याने पेला एका दमात रिकामा केला.

लग्न ठरलं. चाची जोबेदाकडे पुन्हा बघेना.

नूरनाहारने मशिदीच्या घागरीतल्या पाण्याने बशा विसळल्या. मग तहान लागली म्हणून हापसा मारला आणि ओंजळ भरून प्यायली.