निरोपाचे बटाटेवडे

समस्त नागरिकांस कळविण्यात येते की, या देशातील न्यायव्यवस्था संपूर्ण स्वतंत्र आहे. तिचा निरोप समारंभ शुक्रवारी दुपारी कल्याण कोर्टाच्या बार रूममध्ये पार पडला. उपस्थितांना बटाटेवडे देण्यात आले.

वडे उत्तम होते. राग आजही त्यांच्यासकट वर येतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. राज्यात सरकार नुकतंच बदललं होतं आणि मी एका मोठ्या वकिलांचा ज्युनिअर होतो. आमची अशील मानपाड्याकडची एक आगरी बाई. आम्ही तिला काकी म्हणायचो. तिचं भाताचं शेत दिराने परस्पर एका बिल्डरला विकलं होतं. आमच्या न्यायाधीशांनी बांधकामाला मनाई दिली होती. माणूस असा, की कोणाचा चहा घ्यायला नको म्हणून घरून थर्मास आणायचा!

बिल्डर मात्र जातिवंत कलाकार. निवडणुकीचे निकाल लागले त्या संध्याकाळीच गाडीवरचा झेंडा बदलून मोकळा. खटल्यात दोन्ही बाजूंचं बोलून झालं होतं, सोमवारी निकाल होता. बुधवारी कोर्टाच्या पायरीवर तो काकीला म्हणाला, "काकी, साहेबांना आता विदर्भाची हवा मानवेल."

गुरुवारी बदलीचा हुकूम आला. मुदत संपायच्या कितीतरी आधी. विदर्भातच.

आता नीट ऐका. बदली सरकारने केली नव्हती हं! छे! ती वरच्या कोर्टाने केली. त्या वरच्या कोर्टाच्या पोटातली गोष्ट बिल्डरला आदल्या दिवशी कळते, याला स्वातंत्र्य म्हणायचं. निकाल अर्थातच बारगळला. नव्या साहेबांपुढे सगळं पहिल्यापासून. मनाई उठवायचा अर्जही तयार होता, आणि तो लिहिणारे बिल्डरचे वकील म्हणजेच आमच्या बारचे अध्यक्ष.

त्याच दुपारी मी बार रूममध्ये उभा राहिलो. "वरच्या कोर्टाला निदान कारण तरी विचारू या. ठराव करू. हात वर करा."

माझा एकट्याचा हात वर. एका ज्येष्ठांनी चष्म्यावरून पाहिलं. "अरे, खाली घे तो. चहावाल्याला वाटेल तुला आणखी एक हवाय."

सगळे हसले. माझे सीनिअरही. ते हसणं मी अजून कोणाला माफ केलेलं नाही.

कल्याणच्या बारची पद्धत अशी, की जाणाऱ्याचा निरोप आणि येणाऱ्याचं स्वागत एकाच बैठकीत उरकायचं. हारवाल्याला एकच फेरी पडते. त्यामुळे जुने साहेब आणि नवे साहेब शेजारी शेजारी बसले होते, मध्ये थर्मास. साहेबांची बदली खरोखरच झालीय हे काकीला माझ्याकडूनच कळलं होतं. ती दारात उभी होती, कोणी बस म्हणालं नाही.

अध्यक्षांनी जुन्या साहेबांना शाल पांघरवली, नारळ दिला आणि गळा काढला. "निर्भीड! निःस्पृह! सत्तेपुढे न झुकणारा! असा न्यायाधीश कल्याणला पुन्हा मिळणे नाही!" टाळ्या. ज्यांचे हात काल वर गेले नव्हते, तेच हात आज कडाडून वाजत होते. साहेब जमिनीकडे बघत बसले होते.

टाळ्या थांबेपर्यंतही काकीला धीर निघाला नाही. दारातूनच ओरडली,

"अरं, एवरा चांगला हाय तं त्याला जाव कशाला देता रं?"