अकरावीतली लांडगी

तुमच्या घरी कधी अकरावीतली लांडगी राहायला होती का?

हसू नका. माझ्या घरी आहे. सकाळी दोन पोळ्या खाते, केसांना तेल लावून घेते आणि कॉलेजात जाते. पण हे मला कळायच्या आधी मी जो घोळ घातला ना, तो आठवला की आजही भांडी घासता घासता मी एकटीच जीभ चावते.

सानिका माझ्या भावाची मुलगी. भाऊ दिलीप गोसीखुर्दकडे असतो. आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हापासून तो पुनर्वसनाच्या गावात राहतो. मासे धरतो, थोडं धान लावतो. तिथून कॉलेज लांब, म्हणून दहावीनंतर त्याने पोरीला माझ्याकडे मोहाडीला आणून सोडलं.

"बाई," मला तो बाईच म्हणतो, "सारे नातेवाईक नाही म्हणून राहिले. मी तुह्या भरवशावर ठेवून राहिलो. काही उलटंसुलटं कानावर आलं, तर त्याच दिवशी घरी नेईन. मंग शिक्षण बंद!"

"मी आहो ना!" मी म्हटलं. किती ठसक्यात म्हटलं, काय सांगू!

वर्ष बरं चाललं होतं. एक दिवस तिचा ड्रेस धुवायला काढला, तर खिशातून मूठभर तांदूळ निघाले. कच्चे! पोरीच्या खिशात चॉकलेट निघेल, पेनाचं टोपण निघेल. तांदूळ कशाला? मनात पाल चुकचुकली. त्यात गादी झटकताना तिची एक वही हाताला लागली. मी उघडली. उघडायला नको होती, पण उघडली.

'पौर्णिमा आली की माझं अंग तापतं. घरात पाय टिकत नाही. आत्याला काही कळत नाही, ती लवकर झोपते.'

लवकर झोपते? मी? बरं, पुढे ऐका.

'तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, तो वाट बघतो. त्याने माझ्या खांद्यावर चावा घेतला, आणि त्या दिवसापासून मी त्यांची झाले. आता आमची सात जणांची टोळी आहे.'

चावा! अहो, मी ती वही अशी फटकन बंद केली, जशी काही ती मलाच चावणार होती. आमचे हे तेव्हा नागपूरला लग्नाला गेले होते. असते तर म्हणाले असते, आधी पूर्ण वाच. पण मी दोन पानांतच गार!

संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन बसले.

"सानू, ये, तेल लावून देते."

"आज? तू तर रविवारी लावतेस आत्या."

"गप बस."

मी हळूच तिची कॉलर मागे ओढली. खांद्यावर लाल वळ!

"हे काय व्हय?"

"बॅगचा पट्टा रुततो ना आत्या."

"पट्ट्याले दात असते का?"

पोरगी अर्ध्या तेलातच उठून आत गेली.

मी दिलीपला फोन लावला. "परवा पौर्णिमा आहे. तू ये."

"काहून? काय झालं?"

"फोनवर नाही सांगत. तू काळजी करू नको."

आता तुम्हीच सांगा, असा फोन आल्यावर कोणता बाप काळजी करणार नाही? त्याचे पाच फोन आले. पाचव्याला मी सगळं ओकले. मुलगा, चावा, सात जणांची टोळी, खिशातले तांदूळ.

मग तो म्हणाला, "तिचे कपडे भरून ठेव." आणि फोन ठेवला.

पोरीला सांभाळायला गेले आणि तिचं कॉलेज घालवून बसले. पण आता मागे कसं फिरायचं? दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात गेल्यावर मी तिची कपड्यांची बॅग भरायला घेतली. एकेक ड्रेस घडी करताना आमचे बाबा आठवले.

धान चुरायचे, मळणीचे दिवस असले की मी आणि दिलीप खळ्यात तणसावर, म्हणजे पेंढ्यावर, लोळायचो आणि बाबा गोष्ट सांगायचे. एका माणसाला वाघ व्हायचा मंत्र येत होता. तो बायकोला म्हणाला, 'मी वाघ होऊन दारात येईन. भिऊ नको, हे मूठभर तांदूळ माझ्या अंगावर टाक, मी परत माणूस होईन.' वाघ आला. बायको भ्याली, तांदूळ तिथेच सांडून पळून गेली. वाघ रात्रभर दारात बसला आणि सकाळी जंगलात निघून गेला.

इथे दिलीप दर वेळी रडायचा. आणि मला राग यायचा. "येडी बाई! मी असती तर पळाली नसती!" बाबा हसून माझ्या केसांतलं तणस काढायचे. ते खळं आता पाण्याखाली आहे. कधी कधी वाटतं, दिलीपचं जाळं नेमकं त्याच्यावरच पडत असेल.

तुम्ही म्हणाल, तांदूळ आठवले, आता हिच्या डोक्यात प्रकाश पडला असेल. नाही पडला! डोळे पुसले, बॅगेची चेन लावली आणि ती पलंगाखाली सरकवली.

पौर्णिमेला दिलीप चार वाजताच आला. गाडी घरामागे लपवली, स्वतः आतल्या खोलीत लपला. सानिका आली, चहा प्यायली, वही घेतली.

"आत्या, मैत्रिणींसोबत पाळीवर जाऊन येते. लवकर येते."

"जा हो बेटा," मी अशी गोड बोलले की नाटकातल्या बाईनेही बोलू नये.

मग तिच्या मागे आम्ही. दिलीपच्या हातात काठी, माझ्या हातात टॉर्च. अजून उजेड होता, पण टॉर्च पाहिजेच. तलावावर परातीएवढा चंद्र वर येत होता. पाळीवर मोहाच्या झाडाखाली कोणी कोणी बसलेले दिसले. मी मोजले. सात!

तेवढ्यात सातही माना वर झाल्या. "आऊऽऽऽ!"

तलावातले बगळे उडाले. दिलीपची काठी पडली.

मग सानिकाचा वाचनाचा आवाज. "तो दारात उभा होता. ती घाबरली, पण पळाली नाही. तिने खिशातून मूठभर तांदूळ काढले..."

दिलीपने माझा हात धरला. "बाई, थांब. ऐक."

पण मी ऐकणारी होते का? हात सोडवून धावलेच!

"कोण चावला तिले? समोर ये!"

सातही पोरी किंचाळल्या. पोरीच! एकही पोरगा नाही.

"आत्या?"

"कुठं आहे तो चावणारा?"

एका गोबऱ्या पोरीने वर्गात करतात तसा हात वर केला. "काकू, तो दुसऱ्या प्रकरणात मेला."

सानिकाचं तोंड लाल झालं होतं. "गोष्ट आहे आत्या. पौर्णिमेले लांडगे होणाऱ्या पोरापोरींची. मोबाइलवर साऱ्या तेच वाचून राहिल्या, तिकडचे, परदेशातल्या बर्फातले लांडगे. मी म्हटलं, आपल्या तलावावरचे लांडगे लिहू." मग आवाज खाली गेला. "तू माही वही वाचली?"

"दोन पानं."

"दोनच?"

वाचली याच्यापेक्षा ते 'दोनच' जास्त लागलं हो.

तोवर दिलीप पुढे आला. त्याला पाहून पोरगी पांढरीफटक. "बाबा, मले न्यायले आले?"

दिलीप पाळीवर बसला. "मंग? टाकले तिनं तांदूळ?"

"टाकले."

"माणूस झाला तो?"

"झाला. हा चावणारा नाही, दुसरा. तुम्ही सांगत होते त्या गोष्टीत ती पळून जाते ना, मले लहानपणापासून राग येते. म्हणून मी बदललं. लिहिताना खिशात तांदूळ ठेवते, म्हणजे विसरत नाही."

दिलीप पाण्याकडे बघत राहिला. "आमच्या बाबाले आवडलं असतं," तो म्हणाला. "वाच पुढं."

घरी परतताना पोरगी पुढे, आम्ही मागे. दिलीप हळूच म्हणाला, "बाई, तू लहानपणी म्हणे ना, मी असती तर पळाली नसती?"

"मंग? मी कुठं पळाली?"

"नाही पळाली? सरळ मले फोन केला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दिलीप एकटाच परत गेला. सानिकाने भरलेली बॅग रिकामी केली, कॉलेजात गेली आणि जाताना वही ओट्यावर मुद्दाम उघडी ठेवून गेली. नव्या पानावर लिहिलं होतं: टोळीत आता आठ जण आहेत. आठवी वयाने मोठी आहे, टॉर्च घेऊन फिरते, आधी धावते आणि मग वाचते.