आबांपुरतं आभाळ

विमान आमच्या घरी पोत्यातून आलं. धुळ्याहून, रेल्वेने, आणि ज्या दिवशी डॉक्टरांनी आबांच्या डोळ्यांपुढे हात टेकले त्याच दिवशी.

आबा म्हणजे माझे सासरे. जळगावहून सायकलने जाता येईल अशा अंतरावर तापीकाठी आमचं गाव. घराच्या मागच्या दारापासूनच केळीची बाग सुरू व्हायची. आबा केळीतले जाणते. आमच्या ह्यांना मात्र केळीत काडीचा रस नव्हता. हे जळगावच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करायचे. बंद पडलेली वस्तू दिसली की ह्यांचे हात शिवशिवायचे, चालू वस्तूकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. मी चालू वस्तूंत मोडत होते.

एकोणीसशे सत्तावन्न-अठ्ठावन्नचा सुमार असेल. आबांना दाराची चौकट लागायला लागली. बाजूने आलेली गाय दिसायची नाही, पण समोर धरलेल्या सुईत दोरा बरोबर ओवायचे. आम्हाला वाटलं, वय झालं. धुळे माझं माहेर. तिथे डोळ्यांचे चांगले डॉक्टर होते, म्हणून आम्ही तिघं तिकडे गेलो. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, राहिली आहे तीही मिटत जाईल, वर्षभर पुरली तरी खूप, असं ते अगदी हळू आवाजात म्हणाले. आबा बाहेर येऊन बाकावर बसले आणि म्हणाले, "बांबूच्या नळीतून पाह्यल्यावानी दिसते मले. नळी बारीक होऊ राह्यली, दुसरं काय."

हे आम्हाला माझ्या माहेरी सोडून बाजारात गेले आणि संध्याकाळी पाठीवर पोतं घेऊन आले. गिरणीतला कुणी गोरा इंजिनिअर मायदेशी परतताना सामान विकून गेला होता, त्यातलं भंगार. पोत्यातून मोडक्या पंखाचं, हातभर अंगाचं विमान निघालं, एक चिमुकलं इंजिन निघालं आणि बटन असलेला पत्र्याचा डबा निघाला. ह्या डब्यातून बिनतारी हुकूम सुटतो आणि विमान आकाशात वळतं, असं हे सांगायला लागले.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं झालं मला. मी फणकाऱ्याने म्हटलं, "डोळे दुरुस्त होत नाहीत, म्हणून हे आणलंत का?"

"हो," हे म्हणाले. एवढंच. मी पोतं उचलून कोपऱ्यात ठेवलं.

पुढचे कितीतरी महिने आमची पडवी म्हणजे कारखाना झाली. त्या विमानाचं लाकूड विलायती, कापसासारखं हलकं. ते इथे कुठून मिळणार? ह्यांनी पांगारा तासून पाहिला, तो जड झाला. मग जळगावात बाशिंगं करणाऱ्याकडून भेंड आणलं. नवरदेवाच्या कपाळाला जे शोभतं ते विमानाच्या पंखात गेलं. त्याला बांबूच्या काड्यांचा आधार दिला, तो मोडला, पुन्हा दिला. इंजिनाला रॉकेल, एरंडेल आणि औषधाच्या दुकानातून आणलेलं ईथर यांचं मिश्रण लागायचं. एरंडेल माझ्या फडताळातलं जायचं. घरभर असा वास सुटायचा की शेजारीण विचारायची, कुणाचं पोट बिघडलंय? विमानाच्या पोटात डब्याचा हुकूम झेलणारं, बॅटरीवर चालणारं यंत्र होतं. त्यातला काचेचा व्हॉल्व्ह गेला होता, तो ह्यांनी मुंबईहून मागवला. एकच आला. पुन्हा मिळणार नाही, असा निरोपही त्याच्यासोबत आला. हे यंत्र चालवायला सरकारी परवाना लागतो म्हणतात, पण तो कुणाकडे मागायचा हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं.

आबा आधी हसायचे. "लहानपनी पतंग नीट उडवला नाही यानं, अन् आता इमान!" पण ते पडवीतून हलायचे नाहीत. एक दिवस त्यांनी आपला पातळ मलमलीचा फेटा ह्यांच्यापुढे टाकला. "पंखाले लाव. अन् लाल रंगव. लाल अजून दिसते मले." फेट्याला खळ लावून तो पंखावर ताणला, वाळल्यावर ढोलकीसारखा वाजायला लागला. आबांनी टिचकी मारून पाहिली आणि खूश झाले.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. पाखरू दिसतं न दिसतं तोच ते नळीच्या बाहेर जातं. मान फिरवून शोधेपर्यंत आभाळ रिकामं. घार नाही, बगळ्यांची माळ नाही, उडणारं काहीही त्यांनी वर्षभरात धड पाहिलं नव्हतं. "तू ते माह्या नळीत फिरवत ठेवशीन का रे? वाऱ्यावर सोडशीन तर मले काय कामाचं?"

तेव्हा मला कळलं की बटनाच्या डब्यासाठी ह्यांचा जीव का चालला होता. नुसतं उडणारं विमान कुणीही सोडील. आबांच्या नजरेएवढ्या तुकड्यात येरझारा घालणारं विमान पाहिजे होतं, आणि तेही नजर आहे तोवर. मी एरंडेलाबद्दल बोलणं सोडून दिलं.

चैत्रात कापसाची शेतं रिकामी झाली. नदीकडच्या मोकळ्या शेतात विमान उडवायचं ठरलं. सकाळी पडवीत सगळं सामान विमानात बसवताना बॅटरी धरून ठेवणारे रबरी पट्टे तुटले. आमच्या उन्हात रबर टिकतच नाही, पापडासारखं मोडतं. हे डोक्याला हात लावून बसले. आबांनी विचारलं, काय झालं? सांगितल्यावर म्हणाले, "आन इकडी."

केळीच्या गावात दोरी विकत घेणारा माणूस येडा. केळीच्या खांबावरच्या वाळक्या सोपटाची, म्हणजे सालाची पट्टी काढायची, पाण्यात भिजवायची आणि बांधायची. पानाच्या गठ्ठ्यापासून कुंपणाच्या काटक्यांपर्यंत बठ्ठं तिनेच बांधलं जातं. आबांनी पट्टी भिजवली आणि डोळे मिटून, नुसत्या बोटांनी बॅटरी आत बांधली. गाठ अशी की ह्यांनी विमान हलवून पाहिलं तर बॅटरी जागची हलली नाही. आबांच्या तोंडावर किती दिवसांनी तेज आलं होतं. ओली पट्टी घट्ट असते आणि वाळली की सैल पडते, हे घरातल्या मांजरालाही माहीत असेल. पण आम्ही पट्टी बांधतो ती संध्याकाळपर्यंतच्या कामाला. सैल पडली तर दुसरी बांधतो. त्यात विचार करण्यासारखं काही असतं, हेच आमच्या कुणाच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

शेतात आबांना बाजेवर बसवलं. ह्यांनी त्यांची हनुवटी धरून तोंड बरोबर नदीपलीकडच्या आभाळाकडे केलं. "आबा, एवढ्याच तुकड्यात फिरवतो. तुम्ही मान हलवू नका."

डबा ह्यांच्या हातात, म्हणून विमान हाताने फेकायचं काम माझ्याकडे आलं. सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू न देणारी मी, ढेकळांतून धावणार कशी? माझी चुळबूळ आबांना ऐकू गेली असावी. "पदर खोच अन् पळ, पोरी. मले तुहं तोंड दिसत नाही, पदर काय दिसीन?" मी पदर खोचला.

इंजिन मात्र पेटेना. हे विमानाच्या नाकावरचा पंखा फिरवत राहिले, बोट कापलं, रक्त आलं, इंजिन फुरफुरून गप्प. ऊन चढत गेलं. आबा बाजेवर सरळ बसून होते. शेवटी ते एकदम भणभणलं, आणि मी नेसण सावरत पळाले आणि हात सोडला.

काय सांगू! ते उठलं. लाल पंख उन्हात चमकले. ह्यांनी बटन दाबलं, ते उजवीकडे वळलं. सोडलं, सरळ झालं. परत दाबलं, डावीकडे. नदीवरून फिरून ते आबांच्या समोर आलं.

"दिसलं!" आबा ओरडले. "लाल! आलं... गेलं... पुन्हा आलं रे!"

आबांना इतक्या मोठ्याने ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं. हे हसतही नव्हते, जिभेचं टोक दातांत धरून बटन दाबत होते आणि विमान त्या तुकड्यात घाण्याच्या बैलासारखं फिरत होतं. गेलं की आबा श्वास धरायचे, आलं की सोडायचे.

मग एकदा ते वळायच्या जागी वळलं नाही.

ह्यांनी बटन दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं. विमान सरळ जात राहिलं. तापलेल्या काळ्या रानातून वाफ उठते, घारी तिच्यावर पंख न हलवता चढतात, तसं ते वर वर चढत गेलं. हे डबा डोक्यावर धरून पळाले, ढेकळांत पडले, उठले. मीही पळाले. मी पळून काय करणार होते, देव जाणे. बटनाचा टकटक आवाज मला ऐकू येत होता आणि विमानाचा ऐकू येईनासा झाला.

मागे वळून पाहिलं तर आबा तसेच बसले होते. मान तिळभर हलवली नव्हती. समोरच्या त्या रिकाम्या तुकड्याकडे बघत, श्वास धरून. त्यांच्याजवळ जाऊन सांगण्याची ताकद आम्हा दोघांपैकी कुणातच नव्हती. शेवटी त्यांनीच विचारलं, "येतं का रे?"

दुपारी दुसऱ्याच्या केळीत विमान सापडलं. पंख चिरलेला, व्हॉल्व्ह फुटलेला. बॅटरी तारेतून निसटून बाहेर लोंबत होती आणि तिच्याभोवतीची सोपटाची पट्टी वाळून, बांगडीसारखी सैल झाली होती. गाठ तेवढी जशीच्या तशी होती. ह्यांनी ती पट्टी काढली, चुरगाळली आणि केळीच्या बुंध्याशी मातीत दाबली. माझ्याकडे बघून म्हणाले, "माझी तार सुटली. कळलं?"

घरी येऊन आबांना तेच सांगितलं. आबा भडकले. "रेडिओवाला म्हनवतो अन् एक तार धड जोडता येत नाही! मी बांधलेलं टिकलं ना?"

"टिकलं, आबा."

व्हॉल्व्ह पुन्हा मिळाला नाही. ह्यांनी किती जणांकडे विचारलं त्याला गणती नाही. दुकानात गिऱ्हाइकांचे रेडिओ पडून राहायचे आणि हे मुंबईच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे. इकडे नळी बारीक होत होत दिवाळीच्या आधी मिटली.

त्यानंतर दारात येईल त्याला आबा विमानाची गोष्ट सांगायचे. लाल रंग, फेटा, इंजिनाचा आवाज, सगळं. आणि शेवटी, पोराच्या हातात कसब नाही. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकं सणकलं. ज्याने वर्षभर झोप मोडून ते उभं केलं त्याला गावापुढे अडाणी ठरवायचं? खरं काय ते सांगून टाकायला मी तोंड उघडलं. ह्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी चहाचे कप उचलून आत गेले.

एकदा पहूरचे पाहुणे आले होते. आबांनी गोष्ट रंगात आणली, विमान वर गेलं, फिरलं, निसटलं. "मी बांधलेली गाठ अजून तशीच असीन," ते म्हणाले, "यानं जोडलेली तार सुटली. व्हय ना रे?" आणि विचारताना त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं, हे तिथे बसलेत असं समजून. हे दुसऱ्या बाजूला बसले होते. हे उठले, पाय न वाजवता फिरून भिंतीपाशी गेले, आबांच्या तोंडासमोर बसले आणि म्हणाले, "हो, आबा. माझीच सुटली."