पेटी वाजली की तो झोपायचा

आमचा कुत्रा पिसाळलेला नव्हता. तेव्हा घसा फोडून सांगितलं, कोणी ऐकलं नाही. आता भांडायला कोणी उरलं नाही, म्हणून निदान लिहून तरी ठेवते.

छप्पन साली राज्यांच्या नव्या हद्दी पडल्या. माझं माहेर गोंदियाकडचं, ते मुंबई राज्यात गेलं; बालाघाट राहिलं मध्यप्रदेशात. त्यानंतर काही वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी हद्द ओलांडून इकडे आले. यजमान खाणीवर कामाला, सुट्टीपुरते घरी यायचे. एरवी घरात मी आणि मामाजी. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजीच म्हणतात. लाकडाच्या डेपोतून रिटायर झालेले, फार न बोलणारे. दिवेलागणीला बाजाची पेटी काढायची आणि भजनाच्या चाली वाजवायच्या, एवढाच त्यांचा शौक. गायचे मात्र नाहीत. म्हणायचे, "माह्या आवाजानं ढोरं बुजतीन."

कुत्रा त्यांनीच आणला. डेपोतल्या ओंडक्यांखाली सापडलेलं पिल्लू, डोळेही धड उघडले नव्हते. आईसाठी असं केकाटायचं की माझं डोकं उठलं. मामाजींनी त्याला पोत्यात गुंडाळून पेटीच्या भात्यापाशी ठेवलं आणि वाजवायला बसले. भात्याचा वारा लागला, सूर कानावर पडला, आणि ते पिल्लू गप्पकन झोपलं. झालं, तेव्हापासून तीच अंगाई. मोठा धिप्पाड कुत्रा झाला तरी सवय सुटली नाही. पहिला सूर निघाला की असेल तिथून यायचा, अंग टाकायचा, जबडा ढिला सोडायचा; जीभ एका बाजूला, लाळ माझ्या सारवलेल्या जमिनीवर. आणि पेटी बंद झाली की ताडकन उठून भुंकभुंक भुंकायचा, पुन्हा वाजवा म्हणून. दारावरून बँडबाजासकट वरात जावी, गल्लीतली सगळी कुत्री गळा काढून रडावीत, आणि आमचे हे महाराज उंबऱ्यात आडवे. लोक हसायचे. मीसुद्धा हसायची.

शेजारी एक हिंदी बोलणारं कुटुंब होतं. त्यातल्या बाईला मी भाभी म्हणायची. तिचा-माझा फार जीव. तिची धाकटी पोरगी दिवसभर आमच्याच अंगणात असे. एकदा कुत्रा भात खात होता आणि पोरीने खेळता खेळता त्याच्या पुढ्यातलं ताट ओढलं. तो मनगटाला चावला. रक्त आलं. लेकराला काय कळतं, आणि कुत्र्याला तरी काय कळतं!

एरवी हळद भरून विषय संपला असता. पण आदल्याच साली आमच्या वॉर्डात एक गाडीवान पिसाळलेला कुत्रा चावून मेला होता. पाण्याचा पेला पाहून त्याने कशी किंकाळी फोडली ते सगळ्यांनी ऐकलं होतं. तेव्हा भीती खोटी नव्हती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, कुत्रा जनावरांच्या दवाखान्यात दहा दिवस बांधून ठेवा. ठणठणीत राहिला तर पोरीला काही करायची गरज नाही. पिसाळला, तर पोटातल्या सुया. त्या सुयांचं नुसतं नाव काढलं की मोठी माणसं पोट धरायची.

भाभी माझा हात धरून म्हणाली, "बाई, तुम्हारा कुत्ता ठीक है ना?"

"एकदम ठीक आहे, भाभी. काळजी करू नका," मी म्हणाले. अगदी छातीठोक म्हणाले.

जनावरांच्या दवाखान्यामागे टिनाच्या छपराखाली गजांच्या खोल्यांची एक रांग होती. लोक त्याला कुत्ताखाना म्हणत. संशयातली कुत्री तिथे ठेवायची. तिथले साहेब डॉक्टर लांजीकडच्या खेड्यांत ढोरांची साथ आली म्हणून दौऱ्यावर. मागे सगळा कारभार म्हाताऱ्या चौकीदाराच्या हातात. माणूस वाईट नव्हता. पण त्याची एक स्वतःची परीक्षा होती, आणि तिच्यावर त्याचा देवावर नसेल इतका विश्वास. कुत्ताखान्याच्या भिंतीला लागून देऊळ होतं. संध्याकाळी आरतीला शंख फुंकला, झांजा-नगारा सुरू झाला की आतली सगळी कुत्री माना वर करून रडायला लागत. जे कुत्रं शंखाला रडलं नाही, ते पिसाळलं, असा त्याचा हिशेब. पिसाळलेल्या कुत्र्याचा घसा आधी बसतो, मग रडणार कसं? आजवर तिथे पिसाळून मेलेल्या एकाही कुत्र्याने शंखाला जवाब दिला नव्हता म्हणे.

आम्ही भात घेऊन गेलो तेव्हा नेमका शंख वाजला. बाई गं, काय तो कल्लोळ! प्रत्येक गजामागून एकेक तोंड वर आणि एकेक गळा मोकळा. आणि आमचा? अंग टाकून, जबडा सोडून झोपलेला.

चौकीदार हळूच म्हणाला, "पाहा बाई. घसा गेला याचा."

"अवो काका, त्याले लहानपणापासूनची सवय हाये. गाणं ऐकलं का झोपते तो."

"कुत्रा कधी गाण्यानं झोपते का?" तो हसला. मला हसला!

शिवाय कुत्रा खात नाही, ही दुसरी तक्रार. खाणार कसा? चौकीदार ताट काठीने आत ढकलायचा आणि काठी पाहिली की हा कोपऱ्यात जायचा. आम्हाला गजांत हात घालू देत नव्हते.

मामाजी दुसऱ्या दिवशी सायकल रिक्षात पेटी घालूनच निघाले. म्हणाले, "डोयानं पाहीन तं पटन त्याले." मलाही ते पटलं. एकदा दाखवून दिलं की तोंड बंद होईल म्हाताऱ्याचं, असं मनात म्हणत मी पेटीचा एक कान धरून रिक्षात बसले.

त्यांनी खोल्यांसमोर पोतं अंथरलं आणि संथ चाल धरली. कुत्री आधी भुंकली. मग एकेकाचं भुंकणं तुटायला लागलं. दिवसभर गजांना धडका देणारं एक काळं कुत्रं खाली बसलं. त्याच्या शेजारचं सतत स्वतःचं शेपूट चावायचं, तेही थांबलं. थोड्या वेळाने त्या रांगेत पेटीखेरीज आवाज नव्हता. मी इतकी वर्षं ती पेटी घरात ऐकत होते, पण ती अशी कधीच ऐकली नव्हती. चौकीदाराची बिडी हातातल्या हातात विझली. फाटकाशी माणसं जमली; त्यांत भाभीचा नवराही होता.

आमचा तर गजांना पाठ लावून असा गाढ झोपला, की मला वाटलं जिंकलो.

"पाहिलं?" मी म्हणाले.

"हौ, पाहिलं ना," चौकीदार म्हणाला. "बाकीचे बसले, पण कान टवकारून हायेत. हा पाहा. जबडा लटकला. लाळ गळून राह्यली. मुका पागल असाच होते, बाई."

मामाजींनी घाबरून हात उचलला. पेटी थांबली. आणि कुत्रा ताडकन उठला, आम्हाला समोर पाहून वेडापिसा झाला, भुंकायला लागला, गज चावायला लागला. तोंडाला फेस. फाटकाशी उभी माणसं मागे सरकली.

"आता चवताळला," कोणीतरी म्हणालं.

माझं डोकं फिरलं. मी पदर खोचून ओरडले, "झोपला तं मुका पागल, उठला तं चवताळला! मंग शहाण्या कुत्र्यानं करावं तरी काय?"

"शहाणा कुत्रा शंखाले रडते, बाई," चौकीदार म्हणाला. अगदी शांतपणे, मला समजावल्यासारखं.

जो पुरावा आम्ही उचलून घेऊन गेलो, तोच कुत्र्याच्या गळ्यात अडकला. मामाजींनी पेटी तिथेच चौकीदाराच्या खोलीत ठेवली. रोज वाजवत राहू, कधीतरी पटेल, असं म्हणाले. त्यांच्या आवाजात काही दम नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला. साहेब डॉक्टर आले होते. मी तरातरा निघाले, मामाजी मागून. साहेब तरुण होता, धुळीने माखलेला, डोळे लाल. राग काढावा तर तसा माणूसही नव्हता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, पिल्लापासूनचं. मग म्हणाला, "बाई, तुमचं खरं असेलही. पण खात नाही, लाळ गळते, गज चावतो. मला संध्याकाळी परत जायचं आहे. वाट पाहायची तर इथे राखायला कोण? बाहेर पाहा."

फाटकाबाहेर वॉर्डातली माणसं लाठ्या घेऊन उभी होती. भाभीचा नवरा सगळ्यांत पुढे. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मला भांडताच येईना. त्याला त्याची पोरगी वाचवायची होती. मलाही तीच वाचवायची होती. कुत्रा दहा दिवस जगला तरच तिच्या सुया टळणार होत्या. हे मी त्याला सांगितलं, हात जोडून सांगितलं. तो म्हणाला, "सुई तो लगवा ही लेंगे, बाई. इसको अब मत बचाओ."

आणि तसंच झालं. कुत्रा पिसाळला होता का हे कळायला मेल्यावर त्याचं डोकं तपासायला बाहेर पाठवायचं तर बर्फात घालून पाठवावं लागतं, आणि त्या उन्हाळ्यात गावात बर्फ मिळाला नाही. पोरीला पोटात सगळ्या सुया घ्याव्या लागल्या. तिचं रडणं भिंतीपलीकडून ऐकू यायचं आणि मी कानात बोटं घालून चुलीपुढे बसायची. पोरगी जगली. पुढे तिचं लग्नही झालं. सुयांनी जगली की कुत्रा चांगलाच होता म्हणून, हे आता देवालाच विचारा. भाभी माझ्याशी बोलायची, पण पूर्वीसारखं नाही.

त्या दुपारी मात्र नवाच पेच पडला. आम्हाला पाहून कुत्रा उड्या मारत होता, आणि साहेबाला मरणाची सुई टोचायला तो निश्चल हवा होता. धरायला कोणी पुढे होईना. चौकीदार बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मग मामाजींजवळ येऊन खालच्या मानेने म्हणाला, "दादाजी, तुमची पेटी वाजली तं पडते ना तो."

मला क्षणभर कळलंच नाही तो काय म्हणतोय. कळलं तेव्हा मी मामाजींचा सदरा धरला. "नाही मामाजी. तुमाले माही शपथ हाये. नाही."

मामाजींनी फाटकाकडे पाहिलं. "मंग लाठ्यानं मारतीन, पोरी," म्हणाले, आणि खाली बसले.

चौकीदाराने पेटी आणून ठेवली. मामाजींनी तीच रोजची चाल धरली. कुत्र्याने शेपटी हलवली, दोन गिरक्या घेतल्या आणि गजांना पाठ लावून अंग टाकलं. जबडा सुटला. पोट खालीवर व्हायला लागलं. इतका विश्वासाने झोपला होता मेला, की मला त्याला दगड मारून उठवावंसं वाटलं. मी उठवलं नाही. साहेबाने गजांतून हात घालून मांडीत सुई दिली. पाय एकदा ताणला गेला. मग पोट हळू झालं, मग थांबलं. साहेबाने छातीवर हात ठेवून पाहिला आणि सुई गुंडाळली. चौकीदाराने डोक्याचं मुंडासं काढलं. बाहेरची माणसं पांगली.

मामाजी वाजवतच होते.

मी त्यांच्याशेजारी बसले. "मामाजी, झालं. पुरे करा आता."

त्यांची बोटं सुटेनात. मान वर न करता ते म्हणाले, "थांबू कसा, पोरी? थांबलो आन् उठला नाही तं?"