तीन चहाडखोर लाल दिवे

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोनं मला निर्वाणीचा इशारा दोनदाच दिला. पहिला मिशीबद्दल होता. तो मी लगेच मानला आणि मिशी गेली. दुसरा बादामीच्या सहलीबद्दल होता.

"तुम्ही या तुमच्या मोटरसायकलवर," ती म्हणाली. "मी रेल्वेनं येते. शनिवारचं तिकीट काढलंय."

दोघांनी मिळून लांबच्या फेऱ्या मारायच्या, एवढ्यासाठीच मी पन्नाशीत ती दांडगी मोटरसायकल घेतली होती. दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमच्या पेट्या, मागे आणखी एक मोठी पेटी. पहिल्या दिवशी मी गल्लीतून राजासारखा निघालो, तर समोरचे गृहस्थ गॅलरीतून ओरडले, "काय हो, दूध घालायला लागला काय?" तोही अपमान मी गिळला, कारण मागे ती बसली होती आणि खळखळून हसत होती. आता तीच रेल्वेनं जाणार, आणि मी तीन रिकाम्या पेट्या घेऊन मागून जाणार!

दोष केळीवाल्याचा होता. म्हणजे तेव्हा मला तसं वाटत होतं.

झालं होतं असं. सोलापूरला घरी परतताना मोडनिंबच्या अलीकडे पुढे उसाचा ट्रॅक्टर आला, म्हणून मी ब्रेक मारला. मागून केळी भरलेला टेम्पो किंचाळत आला आणि बायकोच्या पाठीपासून वीतभर अंतरावर थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"ओ काका, तुमचा लाल दिवा मघापास्नं पेटलेलाच हाय की! थांबताय कवा ते आमाला कसं कळायचं?"

मी हेल्मेट काढलं आणि दोन वाहनांत किती अंतर असावं यावर भर हायवेवर एक भाषण दिलं. आवाजाचे चढउतार, हातवारे, सगळं. ड्रायव्हरनं ते शांतपणे ऐकून घेतलं, खाली उतरला, आणि दोन केळी बायकोच्या हातात ठेवली. "घ्या वहिनी. घाबरला तुमी." तिनं एक केळं तिथंच खाल्लं. त्यानंतर सोलापूर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. आमच्याकडे शांतता एवढी लांबली की समजावं, निर्णय झालेला आहे.

मी मात्र माझा निष्कर्ष काढला. दिवा एवढासा, पेट्यांच्या आड दडलेला. रात्रीचा दिवा कोणता आणि ब्रेकचा कोणता, हे मागच्याला कळत नसणार. उपाय सोपा होता: दिवे वाढवायचे. ब्रेक दाबला की मागच्याच्या डोळ्यांत लाल उजेड भरला पाहिजे. मग ती कशाला रेल्वेनं जाईल?

आमच्या भागात एक वायरिंगवाले चाचा आहेत. ट्रक, ट्रॅक्टर, वरातीचे गाडे, सगळ्यांचे दिवे त्यांच्या हातचे. त्यांनी दोन्ही पेट्यांच्या पाठीवर एकेक उभी लाल पट्टी बसवली आणि मागच्या पेटीखाली एक आडवी. पेट्या काढता-घालता याव्यात म्हणून वायरींना जोड दिले. काम संपल्यावर मोटरसायकल मधल्या स्टँडवर चढवली आणि मला मागे जाऊन उभं राहायला सांगितलं.

"साब, गाडी जिसकी, उसने पीछेसे देखना. ये अपना उसूल है."

चाचांनी ब्रेक दाबला. तिन्ही पट्ट्या भडकल्या. सोडला, विझल्या. पुन्हा दाबला. मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या पंक्चरवाल्यानंही वाजवल्या.

त्याच संध्याकाळी सात रस्ता चौकात एक जुना मित्र स्कूटर शेजारी आणून म्हणाला, "काय राव, वरात कुणाची? मागं नुसता जाळ पेटलाय. जरा बंद कर की!"

"ब्रेक मारल्यावरच पेटतात ते."

"मग मघापासून तू ब्रेकच मारतोयस व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी तावातावानं चाचांकडे गेलो. मोटरसायकल स्टँडवर चढली. मी मागे उभा. दाबला की पेटतात, सोडला की विझतात. चाचा म्हणाले, "मेरे सामने तो शरीफ है." तरी त्यांनी दिव्यांचा रिले बदलला. घरी येईपर्यंत दोन अनोळखी माणसांनी दिव्यांबद्दल हाका मारल्या. तिसऱ्या दिवशी चाचांनी पायातल्या ब्रेकचा स्विच खोलून, पुसून, फुंकून परत बसवला. स्टँडवर पुन्हा सगळं छान.

"दिवा झूट नै बोलता साब," चाचा आता चिडले होते. "तुम चलाते वखत कुछ तो भी करते."

"मी?" मी छातीवर हात ठेवला. "मी तीस वर्षं गाडी चालवतोय!"

घरी येऊन हा सगळा प्रवेश मी बायकोसमोर दोन्ही भूमिकांत करून दाखवला. चाचांचा आवाज तर मला अगदी जमला होता. ती शाळेत शिकवते. परीक्षेच्या हॉलमध्ये मागच्या बाजूनं फिरत कॉपी पकडण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. तिनं शांतपणे तिच्या स्कूटरची किल्ली घेतली.

"चला. तुम्ही पुढं, मी मागं."

होटगी रोडला लागलो. दहा मिनिटं ती मागून येत होती. मग हॉर्न वाजला, स्कूटर शेजारी आली आणि ती ओरडली, "पाय!"

"काय?"

"उजवा पाय बघा तुमचा!"

मी खाली बघितलं. उजवा पाय ब्रेकच्या पट्टीवर ठेवलेला होता. दाबलेला नव्हे. उन्हात मांजर पडावं तसा निवांत पडलेला. पण या नव्या गाड्यांचे स्विच मेले इतके नाजूक, की तेवढ्या भारानंही दिवा लागतो. गाडी स्टँडवर असताना मी मागे उभा, म्हणजे पायही पट्टीवर नसून माझ्याच खाली होता. मग दिवे शरीफ वागणार नाहीत तर काय!

आता त्या पायाची बाजू सांगतो. मी शिकलो ते वडिलांच्या जुन्या, जड मोटरसायकलवर. त्या गाड्यांचा गिअर उजव्या पायात असायचा आणि ब्रेक डाव्या. गिअर बदलायला तयार म्हणून उजवा पाय कायम गिअरच्या पट्टीवर ठेवायचा, हे वडिलांनी मला ओरडून ओरडून शिकवलं होतं. नव्या गाडीत ब्रेक उजवीकडे आला. डोक्याला ते कळलं. पायाला कुणी सांगितलंच नाही.

आणि मग मला हायवेवरचं माझं भाषण आठवलं, हातवाऱ्यांसकट. तो केळीवाला अक्षरशः खरं बोलत होता. बायकोलाही त्याच क्षणी तेच आठवलं असावं, कारण ती स्कूटर कडेला लावून डोळे पुसत हसत सुटली.

आम्ही दोघांनी जाऊन चाचांना सांगितलं, तर ते हसले नाहीत. सज्जन माणूस. त्यांनी तोडगाही काढला. "स्विच थोडा ढीला करता. पाव रक्खे तो भी नै लगेंगा."

"नको चाचा," बायको म्हणाली. "दिवे आहेत तसेच राहू देत. यांचा पाय सुधारू दे."

आणि शिकवणी सुरू झाली. रोज संध्याकाळी होटगीपर्यंत जायचं आणि परत यायचं. मी पुढे, ती मागे. ब्रेक न मारता दिवा पेटला की एक हॉर्न. पहिल्या संध्याकाळी इतके हॉर्न वाजले, की मेंढरं घेऊन चाललेला एक धनगर मध्येच काठी आडवी करून उभा राहिला.

"ओ बाई, जाऊ द्या की त्याला! किती हॉर्न मारताय बिचाऱ्याला?"

"आमचाच आहे तो," बायको म्हणाली.

"मग मारा," धनगर म्हणाला आणि त्यानं मेंढरं पुढे हाकली.

मी टाच पायटेकणीवर रोवून, बोटं बाहेर काढून चालवायला शिकलो. ऐन पन्नाशीत पायाला नवीन वळण लावणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवीन वाट दाखवणं. पोटरीला गोळे आले. जेवताना टेबलाखालीही मी पाय बाहेर ठेवून बसायला लागलो.

शुक्रवारी होटगी आलं तरी एकही हॉर्न नाही. मला शंका आली, ही मागच्या मागे घरी गेली की काय. आरशात बघितलं. ती होती. एका उसाच्या ट्रॉलीमागे मी ब्रेक मारला, तेव्हा तिच्या हेल्मेटच्या काचेवर तिन्ही पट्ट्या लालभडक उमटल्या आणि सोडल्याबरोबर विझल्या.

वळायच्या जागी आम्ही थांबलो. मी कौतुकासाठी चेहरा तयार ठेवला होता.

"उद्या किती वाजता निघायचं?" तिनं विचारलं.

"तुझी रेल्वे..."

"तिकीट काल सकाळीच रद्द केलं."

"काल सकाळी?" मी म्हणालो. "अगं, परवा संध्याकाळी तर सात हॉर्न वाजले होते."

"नऊ," ती म्हणाली, आणि स्कूटर घराकडे वळवली.