उत्तर विभागाचे तीन बुधवार

आमच्या कार्यालयात देशातल्या बारा विभागांतून दर बुधवारी रोग्यांचे आकडे येतात. गोवर किती, पटकी किती, घसा आवळणारा घटसर्प किती. ते एका तक्त्यात भरायचे आणि शुक्रवारी तो तक्ता देशभरातल्या दवाखान्यांना पाठवायचा. सव्वीस वर्षे हे काम एका बाईंनी केले. सगळे त्यांना आकडेबाई म्हणत. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे, म्हणून त्यांनी माझे नाव ताळेबंद ठेवले होते.

बाई ठेंगण्या, चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला. त्यांचा एक नेम होता. एखाद्या विभागाचा कागद आला नाही, तर त्या चौकटीत त्या आडवी रेघ मारत. शून्य कधीच नाही. मग फोन घेऊन बसत आणि तिकडचे कोणी बोलेपर्यंत उठत नसत.

"बाई, तुमच्या रेघेपायी बेरीज अडते," मी म्हणे.

"अडू दे. रकाना मोकळा राहिला की तुम्हाला घास गिळवत नाही, ताळेबंद. मला त्या रेघेमागे काय दडलंय त्याची धास्ती वाटते."

मला हा फाजील घोर वाटे.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाई तीन आठवडे रजेवर गेल्या. "रेघ मारा आणि फोन करा," असे मला दोनदा बजावून गेल्या. पहिल्याच बुधवारी उत्तर विभागाचा कागद आला नाही. मी एकदा फोन लावला; कोणी उचलला नाही. आदल्या आठवड्यापर्यंत उत्तरेत घटसर्पाचा एकही रोगी नव्हता. मी शून्य घातले. बेरीज जुळली, तक्ता कसा नीटनेटका दिसला. पुढचे दोन बुधवार मी फोनही लावला नाही.

बाई काठी टेकत परत आल्या तो सोमवार होता. अकराच्या सुमारास त्यांच्या मुलीचा फोन आला. ती उत्तरेतल्याच एका लहान गावात राहते. तिची चार वर्षांची मुलगी, जिला बाई ठमी म्हणत, आजारी होती. बाईंनी सवयीप्रमाणे फोनचा आवाज मोठा केला.

"आई, चार दिवस ताप आहे गं. पाणीसुद्धा गिळत नाही. डॉक्टर म्हणतात टॉन्सिल आहेत, घाबरू नका."

"घसा नीट पाहिला ना त्यांनी?"

"वरवर पाहिला. म्हणाले, दुसरं काही असतं तर सरकारी तक्त्यात आलं असतं. आपल्या भागात काही नाहीये."

बाई माझ्याकडे वळल्या. "ताळेबंद, उत्तरेत घटसर्प?"

"शून्य," मी म्हणालो. "तिन्ही आठवडे."

"हुश्श. मग औषध चालू ठेव गं. आणि ठमीला सांग, आजीला आता तीन पाय झालेत, एक लाकडी."

पलीकडे ठमीला ते सांगितल्याचे ऐकू आले. ती हसली नाही. एक घोगरा, ओला श्वास तेवढा ऐकू आला.

"श्वास ओला वाटला," फोन ठेवताना बाई म्हणाल्या. मग त्यांनी उत्तर विभागाची फाइल ओढली आणि कागद उलटायला लागल्या.

"तीन आठवड्यांचे कागद कुठे आहेत?"

"आले नाहीत."

"मग शून्य कोणी सांगितलं?"

"मीच घातलं," मी म्हणालो. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी उत्तरेचा नंबर फिरवला. सहाव्यांदा तिथल्या पहारेकऱ्याने उचलला.

"कारकून साहेब आजारी आहेत बाई. घशाचंच काहीतरी. तीन आठवडे टेबलाला कुलूप होतं... म्हणजे टेबलाला नाही, खोलीला. येणारे कागद मी दाराखालून आत सरकवत होतो."

"उघडा. घटसर्पाचे कागद पिवळे असतात. मोजून सांगा."

कागदांची सळसळ ऐकू येत राहिली. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

"एक्केचाळीस. अजून खाली गठ्ठा आहे."

त्यांनी लगेच मुलीला फोन लावला. घंटी वाजत राहिली, तुटली. पुन्हा लावला. इतका वेळ ती घंटी वाजली की मला तिथून पळून जावेसे वाटले. शेवटी मुलीने उचलला.

"टॉर्च घे. ठमीला आ करायला सांग. आत राखाडी पापुद्रा दिसतो का?"

रडणे, खोकला, मग काहीच नाही.

"दिसतोय, आई. मानही सुजलीय."

"आत्ताच्या आत्ता गाडी काढा. मोठ्या इस्पितळात जा. दारातच घटसर्प म्हणून सांग. टॉन्सिलचं नावही काढू नकोस." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्हाला काय बोलायचं ते नंतर बोलेन. आधी इस्पितळाला विचारा, घटसर्पावरचं इंजेक्शन आहे का."

होते. दोनच कुप्या. एक राखून ठेवा म्हणून मी अक्षरशः हातापाया पडलो.

वाट दोन तासांची. तेवढ्या वेळात बाईंनी डब्यातल्या सगळ्या पेन्सिलींना टोक काढले, मग टोक असलेल्यांनाही. चारच्या पुढे फोन आला. इंजेक्शन दिले होते, श्वास चालला होता. संध्याकाळ झाली असती तर गळ्याला भोक पाडायची पाळी आली असती, असे डॉक्टर म्हणाले होते.

ठमी वाचली. शुक्रवारचा तक्ता बाईंनी मलाच टाइप करायला लावला. उत्तर विभाग, घटसर्प : त्रेसष्ट. मृत्यू : नऊ. त्या नऊ घरांतल्या कोणाकोणाला डॉक्टरांनी आमचा तक्ता दाखवून घाबरू नका म्हटले असेल, हे मी कधी विचारले नाही. बाईंनीही मला नंतर काही बोलून दाखवले नाही. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

त्या निवृत्त झाल्या. माझे पाच महिने उरलेत. तक्ता आता माझ्याकडे आहे. बुधवारी बारा वाजले की न आलेल्या विभागांपुढे मी रेघ मारतो आणि फोन लावतो. घंटी चार-पाच वेळा वाजून गेली की छातीत धडधड सुरू होते. कोणी उचलून "काही नाही हो, शून्य टाका," म्हटले, तरी ती थांबत नाही.

"कागद हातात आहे का?" मी विचारतो. "नसेल तर घेऊन या. मी थांबतो."