विरजणवाल्या आजोबांची वटवाघळं

प्रिय आर्या आणि नील,

तुमच्या शाळेच्या कुंपणाला वटवाघळांसाठी लाकडी पेटी लावली आणि तुम्ही दोघांनी फोनवर "यक्!" केलंत, म्हणून आजच लिहायला बसले. बाबांकडून वाचून घ्या. उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल. बहरीनमध्ये राहून वटवाघळांची विरजणवाल्या आजोबांइतकी काळजी करणारा दुसरा माणूस झाला नाही आणि होणारही नाही. आमच्या माहूजच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ तुम्हाला आठवत असतील. तुम्हीच त्यांचं नाव विरजणवाले आजोबा ठेवलं होतं.

मूळचे गुहागरकडचे, इथे एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन. जन्मभर जंतूंच्या मागे लागलेले, त्यामुळे लिफ्टचं बटण कोपराने दाबायचे आणि कोथिंबीर इतकी धुवायचे की तिचा वास पाण्याबरोबर गटारात जायचा. घरचं विरजण मात्र त्यांना प्राणाहून प्रिय. पहिल्यांदा इकडे येताना आईने ते धुतलेल्या रुमालावर वाळवून दिलं होतं. तेव्हापासून त्यात एका दिवसाचा खंड नाही. "जंतू दोन प्रकारचे, वहिनी. एक मारायचे आणि एक पाळायचे," असं ते मला बजावत. इमारतीत नवीन कुटुंब आलं, की त्यांचं रेसिडेंट कार्ड येण्याआधी यांची दह्याची वाटी पोचायची.

त्यांची लेक तुमच्याच कॅनडात वटवाघळांवर संशोधन करते. तिकडच्या थंडीत वटवाघळं गुहांमध्ये महिनोन्‌महिने झोपतात. त्या झोपेत त्यांच्या नाकावर आणि पंखांवर पांढरी बुरशी चढते. मग वटवाघळं पुन्हा पुन्हा जागी होतात, अंगातली चरबी संपते आणि वसंत यायच्या आत उपाशी मरतात. निरोगी वटवाघळांच्या पंखांवर मात्र बुरशीला वाढू न देणारे चांगले जीवाणू सापडतात. लेक ते लॅबमध्ये वाढवून उन्हाळ्यात वटवाघळांच्या पेट्यांमध्ये टाकते, म्हणजे वटवाघळं ते अंगावर घेऊनच झोपायला जातात. हे ऐकताच आजोबा खुर्चीतून उठले. "म्हणजे पंखांना विरजण लावायचं! मग हे आपलंच काम झालं." त्या दिवसापासून दर शुक्रवारी लेकीला फोन आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असा पहिला प्रश्न: "वटवाघळं कशी आहेत?" जावयाची चौकशी नंतर, वेळ उरला तर.

गावी जाताना ते विरजण माझ्याकडे ठेवून जात, सोबत टाइप केलेल्या सूचना. मी शिस्तीची, म्हणून त्या कागदावर रोज तारीख घालून सहीसुद्धा करत असे. आणि अशा माझ्याच हातून ते घडलं. सीफ भागातून पाहुणे अचानक आले आणि मी सगळं दही कढीत घातलं. विरजणापुरतंही उरलं नाही. मग दुकानातलं दही आणून त्याचं विरजण लावलं आणि कागदावर सही केली. तुमच्या आजीने आयुष्यात केलेली ती एकच खोटी सही.

आजोबा परत आले, एक चमचा तोंडात घातला आणि थांबले. "वहिनी, हे कोण?"

"कोण म्हणजे? दही."

"दही आहे. आपलं नाही."

मी सगळं कबूल केलं. त्यांनी वाटी झाकून बाजूला सरकवली. एवढ्यात लेकीचा फोन आला. वसंत लागला होता आणि ती पेट्या तपासत होती. "बाबा, खलास. पहिल्या ठिकाणच्या सगळ्या पेट्या रिकाम्या. एकही परत आलं नाही. मी हे सोडते आता."

"थांब," आजोबा म्हणाले. "माझंही खलास झालंय. आधी मी शोधतो, मग तू शोध. यल्ला, चला वहिनी, चपला घाला!"

आजवर जिथे जिथे वाटी दिली होती, ती घरं आम्ही पालथी घातली. एकीने दही सोडलं होतं, डाएट. दुसरीकडे नवाच भाडेकरू. शेवटी उम्म अल हस्सम वस्तीत खेडच्या एका ड्रायव्हरची खोली. तो हसला. "फ्रीज उघडा ना काका. आम्ही सहा जण, रोज ताक लागतं. तुमचंच चाललंय." आजोबांनी चमचाभर खाल्लं, डोळे मिटले आणि "आई" एवढंच म्हणाले. मग लगेच विचारलं, "चमचा धुतलेला होता ना?"

तिथूनच त्यांनी लेकीला फोन लावला. "सापडलं! आता तुझ्या बाकीच्या पेट्या बघ."

"बाबा, दही आणि वटवाघूळ एक नाही हो."

"नसू दे. तू गाडी काढ."

ती गेली. एका शेतामागच्या पेटीत वटवाघळं परतली होती आणि त्यांच्या पंखांवर तिने सोडलेले जीवाणू टिकून होते. पुढे तिने मला एकटीला सांगितलं, "काकू, ती पेटी यादीत होतीच. पण मी जाणार नव्हते."

गेल्या महिन्यात आजोबा रिटायर झाले, व्हिसा संपला आणि ते गुहागरला गेले. आता शुक्रवारी जिना गप्प असतो. जाताना त्यांनी विरजण माझ्याच हाती दिलं, या वेळी सूचनांच्या कागदाशिवाय. बुरशी अजून गेलेली नाही, लेकीचं कामही संपलेलं नाही. पण माझ्या फ्रीजमध्ये दोन वाट्या आहेत, उम्म अल हस्समला एक आहे, आणि त्या शेतामागच्या पेटीत यंदाही वटवाघळं आली आहेत.